पाटाच्या कडंनं

कराडजवळ खोडशीला कृष्णेवर इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, तिथनं कृष्णा कालवा निघतो आणि फिरत फिरत खाली वाळवा, पलूसच्या बाजूला येतो. या पाटाच्या कडंनं जो मुरमाचा रस्ता जातो तो सायकलवाल्यांसाठी कुणी केलेलाच नाही, आणि म्हणूनच तो सायकलला एवढा भारी आहे असं माझं मत झालंय.

यामागं साधं गणित आहे. कालव्याचं पाणी आपोआप वाहायला पाहिजे पण जास्त जोरात पण नको, नाहीतर काठ खचतात, म्हणून कालवा नेताना उतार अगदी कमी ठेवतात, किलोमीटरमागं वीतभर वगैरे. आणि तो उतार सांभाळायचा म्हणजे टेकाड आलं की त्याला वळसा, ओढा आला की वरनं जलसेतू, असं करत करत पाट जातो. खणताना निघालेली माती उताराच्या अंगाला टाकली की झाला भराव, आणि त्या भरावावरनं खात्याच्या लोकांना तपासणीला फिरता यावं म्हणून रस्ता. म्हणजे तुम्हाला आयता असा रस्ता मिळतो ज्याच्यावर चढ जवळजवळ नाही, वळणं भरपूर, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि ट्रॅफिक म्हणाल तर बाईकवरनं दारं उघडायला निघालेला पाटकरी, दोन म्हशी आणि पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायका. बास.

याउलट आपला हायवे. सातारा ते कागल सहापदरीचं काम निघाल्यापासनं तिथं सायकल घालायची म्हणजे घरी सांगून जायला पाहिजे. आतल्या डांबरी रस्त्यांची पण ऊसतोडीच्या सीझनला तीच गत, दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वर कर्ण्यातनं फुल्ल आवाजात गाणी, आणि बाहेर लोंबणारा ऊस आपल्या कानाच्या लेव्हलला. त्यामुळं डांबरी सोडून मातीत उतरायचं हे काही निसर्गप्रेम वगैरे नव्हतं, जीव वाचवायचा होता.

आता याला ग्रॅव्हल रायडिंग म्हणतात आणि त्याची वेगळी सायकल मिळते हे नंतर कळलं. हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं पण टायर जाड, चाळीस मिलिमीटरच्या आसपास, आणि मुख्य गंमत हवेत आहे. रेसिंगच्या बारीक टायरात ऐंशी-नव्वद पौंड हवा भरतात, इथं तीस-पस्तीस बास होते. हवा कमी असली की टायर बारक्या खड्यांवरनं उडत नाही, त्यांना पोटात घेऊन पुढं जातो, आणि तुमची कंबर संध्याकाळपर्यंत तुमचीच राहते. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे, तिथं २००६ पासनं दोनशे मैलांची असल्या रस्त्यांची रेस भरते, आणि २०२२ ला तर इटलीत याची अधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिप पण सुरू झाली. एम्पोरियाच्या रस्त्यांवर चकमकीचे दगड, ते टायर चिरतात म्हणे. आपल्याकडं वेडी बाभूळ आणि सराटा. सराटा कसाही पडूदे त्याचा एक तरी काटा वर असतोच, ही रचना कुणी केली त्याला माझा नमस्कार. यावर उपाय एकच, ट्यूब काढून टाकायची आणि टायरात ते दुधासारखं सीलंट घालायचं, काटा निघाला की भोकातनं थोडं फसफसतं आणि आपोआप बुजतं. पंक्चरवाल्या दादाला पहिल्यांदा हे दाखवलं तर तो बराच वेळ गप्प होता, धंद्याचा प्रश्न आहे शेवटी.

गंमत अशी की रस्ते चांगले करा ही बोंब पहिल्यांदा ठोकली कुणी तर सायकलवाल्यांनीच. १८८० मध्ये अमेरिकेत लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन म्हणून संघटना झाली, गाड्या अजून यायच्या होत्या तेव्हा, चिखलातनं सायकल ओढून कंटाळलेल्या लोकांनी सरकारच्या मागं लागून पक्के रस्ते मागितले. मिळाले. मग त्यावर गाड्या आल्या आणि सायकलवाल्यांना कडेला सारलं, आणि आता त्यांचीच पणतवंडं हजारो डॉलरची सायकल घेऊन मातीचा रस्ता शोधत फिरतायत. मीपण त्यातलाच, फक्त डॉलर नाहीत.

पाट सोडला की मग पाणंदी, म्हणजे शेताशेतांमधनं जाणाऱ्या गाडीवाटा. या पाणंदींचा मला वेगळाच नाद आहे, कारण मॅपवर त्या नसतात. सॅटेलाईटवर बघितलं तर दोन शेतांच्या मधे एक फिकट रेघ दिसते, ती पाणंद आहे, ओढा आहे का नुसता बांध आहे हे जाऊनच बघायला लागतं. खरा नकाशा तलाठ्याकडं, गाव नकाशा, त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं काढलेला असतो आणि पायमार्ग एकेरी. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. कागदावर हां. प्रत्यक्षात दरवर्षी दोन्ही बाजूंनी नांगराचा एकेक तास आत सरकतो, आणि एकवीस फुटांचा रस्ता बघता बघता एका बैलगाडीपुरता होतो आणि मग तेवढा पण नाही. मग मामलेदार कोर्ट. १९०६ चा कायदा आहे त्यासाठी, अडवलेली वहिवाट मोकळी करून घ्यायचा, आणि तो अजून जोरात चालतो. आपण जिथनं गुणगुणत जातो त्या रस्त्यापायी दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाकार्याला जात नाहीत असं निघायची शक्यता बरीच असते. त्यामुळं पाणंदीत कुणी भेटलं तर रस्ता कुणाचा हे विचारू नये, पाऊसपाण्याचं विचारावं.

असाच पलूसकडच्या एका पाणंदीत एक म्हातारे मामा भेटले. मस्त पाणंद होती, दोन चाकोऱ्या, मधे गवत, दोन्हीकडनं ऊस एवढा वर गेलेला की ऊन खाली येईना. मामा बांधावर बसलेले.

"पाव्हणं, वाट चुकलासा काय?"

"न्हाय मामा, मुद्दाम आलोय. रस्ता चांगला आहे."

"हेला चांगला म्हणतायसा?" असं म्हणून ते हसले, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून अधूनमधून टोचत असतं. पावसात इथनं ट्रॅक्टर जात नाही. अवकाळी झाला तर सीझनमधे पण अडकतो. मग तोडणीची टोळी आधी रोडकडचे प्लॉट घेते, आत यायचं तर खुशाली म्हणजे वरचे पैसे जास्त मागते, ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे त्याचे पैसे, वेगळी, आणि तोवर उसाला तुरा येऊन वजन घटतं. मामांनी ग्रामपंचायत केली, तहसील केलं, २०२१ ला ती मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना आली तेव्हा परत अर्ज केला. "तुमास्नी बरं वाटतंय कारण तुमी सांच्याला घरला जाताय," म्हणाले, पण रागानं नाही हां, वर शेतातल्या दोन मक्याच्या कणसांची भर.

तर मुद्दा हा आहे. मला जी शांतता आवडते ती फुकट नाही, तिचे पैसे मामा उसाच्या वजनात भरतात. एखाद्या पाणंदीवर खडी पडली, रोलर फिरला, की मला पोटात कसंतरी होतं आणि तिथल्या माणसाच्या घरात त्या दिवशी पेढे असतात. पर्यटनवाले म्हणतात तसं हे रस्ते कच्चेच जपून ठेवा, हेरिटेज करा वगैरे, हे म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. ज्यांना ते जपायचेत त्यांनी आधी जुलैमधे तिथनं दुधाचं कॅन डोक्यावर घेऊन चालून दाखवावं.

जुलैवरनं आठवलं, पावसात काळ्या रानात सायकल घालू नका. ती माती टायरला चिकटते, टायरवरनं फोर्कमधे जाते, तिथं घट्ट बसते आणि चाक फिरायचं बंद, मग सायकल खांद्यावर. पावसाळ्यात पूर्वेकडं जायचं. आपल्या जिल्ह्याची ही एक मजा आहे, एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि माणमधे पाचशेची मारामार. तिकडच्या मुरमाड माळावर पाणी थांबतच नाही, सर येऊन गेली की तासाभरात रस्ता चालवायला तयार, उलट फुफाटा बसलेला असतो. पाटाचे रस्ते थंडीसाठी ठेवायचे. आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी, सुटलेलं असलं तर फारच छान, फक्त काठाला कठडा नसतो आणि सिमेंटचा काठ शेवाळलेला असतो, तेव्हा सेल्फी लांबनं.

पाटसुद्धा किती दिवस राहतील कोण जाणे. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या नव्या कामांत शेतापर्यंतचं पाणी बऱ्याच ठिकाणी बंद पाईपलाईनमधनं न्यायला लागलेत, गळती नाही, चोरी कमी, जमीन संपादन पण वाचतं. सगळं बरोबरच आहे. पाईप जमिनीखालनं जातो त्यामुळं भराव नाही, तपासणीचा रस्ता नाही.

मग आम्ही आणि पूर्वेला सरकायचं. खटाव-माणच्या बाजूला मुरमाड रान अजून चिक्कार शिल्लक आहे, सावली नावाला नाही आणि सराटे बख्खळ, त्यामुळं तिकडं गर्दी व्हायची भीती सध्या तरी नाही.