जिऱ्या-पुदिन्याचा दशांश

म्हापसा, ३ डिसेंबर

आज गोंयच्या सायबाचे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त. शेजारच्या आंटीबरोबर पहाटेच जुन्या गोव्याला गेले. २४ नोव्हेंबरला सुरू झालेल्या नोव्हेनांतला, म्हणजे फेस्तापूर्वीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांतला एक दिवस त्यांचा चुकला होता आणि त्याची हळहळ वाटभर चालली होती. तो चुकला, कारण त्या रात्रभर इस्पितळात माझ्या आईच्या उशाशी बसून होत्या. फेरीच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, तान्ही बाळे मांडलेली होती. गुडघेदुखीसाठी त्यांनी एक पाय घेतला, तोही डावाच आहे ना हे उलटून-पालटून पाहून. मला हसू आले नाही; आमच्या देवीला चांदीचे डोळे आम्हीही वाहतोच.

मन भरकटू नये म्हणून विधीचा आधार लागतो, हे मला मान्य आहे. परंतु पुढे पुढे त्या आधाराचीच धास्ती वाटू लागते. जो विधी आपण अनादि समजतो, तोही बदलत असतो. १५७० मध्ये ठरवून दिलेल्या नमुन्याप्रमाणे जवळजवळ चारशे वर्षे मीस, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. ४ डिसेंबर १९६३ रोजी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट करून दिली, आणि आज कोंकणीत मीस ऐकणाऱ्यांची श्रद्धा त्यामुळे पातळ झाल्याचे मला तरी दिसत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात येशू शास्त्री आणि परूशी या काटेकोर नियम पाळणाऱ्या ज्यू धर्मपुढाऱ्यांना सुनावतो, की पुदिना, शेप, जिरे यांचाही दशांश, म्हणजे देवाचा दहावा वाटा, तुम्ही चोख देता, पण न्याय, दया आणि विश्वास या भारी गोष्टी मात्र सोडून देता. दशांश देऊ नका, असे तो म्हणत नाही. त्या गोष्टी करायच्या आणि याही सोडायच्या नाहीत, असे म्हणतो. कर्मकांडावर तोंडसुख घेणारे हे दुसरे वाक्य गाळतात. आंटींच्या हिशेबात मात्र इस्पितळातली रात्र जमेला नव्हतीच, ती खाड्यातच धरलेली होती, आणि असा हिशेब त्यांना कोणी शिकवला याचा मला राग येतो.

खरा राग भाबड्या भक्तांवर नाहीच. कोंफ्रारियेचा, म्हणजे चर्चच्या भक्तमंडळाचा ओपा-मुर्सा हा मानाचा झगा गावकारांनीच, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांनीच घालावा की इतरांनीही, यावरून गोव्यात वर्षानुवर्षे तंटे झाले आहेत. पालखीच्या मानावरून मामलेदाराकडे धाव घेणारे आमच्या देवळांचे महाजन, म्हणजे पिढीजात मानकरी तरी कुठे वेगळे आहेत?