हसवता हसवता शाळा घेणारे पिक्चर

हायस्कूलवाले कॉमेडी पिक्चर मला अजून आवडतात, वय झालं म्हणून काय झालं, फक्त शेवटची दहा मिनिटं नको वाटतात, म्हणजे दीड तास नुसता दंगा आणि मग कोणीतरी माईक घेऊन बोलायला लागतं की मूल्यशिक्षणाचा तास सुरू.

'मीन गर्ल्स' २००४ चा, पण तो लिहिणाऱ्या टीना फेने हे बरोब्बर ओळखलंय. मुळात तो रोझलिंड वाइजमनच्या २००२ च्या पुस्तकावरून केलेला, आणि ते पुस्तक म्हणजे कथाबिथा काही नाही, मुलींच्या आईवडिलांसाठी सल्ले! त्यातून कॉमेडी काढायची म्हणजे डोकं पाहिजे. एका वहीत मुली एकमेकींबद्दल घाण घाण लिहितात, ते सगळ्या शाळेत पसरतं आणि मग मॅडम सगळ्या पोरींना जिममध्ये बसवून डोळे मिटायला सांगतात, मागून कोणाकोणाबद्दल वाईट बोललं गेलंय, हात वर करा. सगळे हात वर. आता, मैत्रिणीबद्दल मागून कोण कोण बोललंय? परत सगळे हात वर. इथे भाषण ठोकायची किती सोय होती, पण लगेच एक मुलगी रडत रडत गोड गोड बोलायला लागते आणि कळतं की ती त्या शाळेतलीच नाहीये. पिक्चर स्वतःच्याच उपदेशाची टर उडवतो, म्हणून तो उपदेश डोक्यात बसतो.

आमच्याकडे सिंधुदुर्गात जत्रेतल्या दशावतारी नाटकातला संकासुर हेच करतो की. वेद चोरून आणणारा राक्षस, पण मालवणीत असे काही टोमणे हाणतो की जत्रेत अर्धी माणसं त्याच्यासाठीच जागी असतात, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

भाचीला कुडाळात 'मीन गर्ल्स' दाखवला तर वहीचा सीन बघून म्हणाली, "मावशे, आमचो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असोच आसा." हिरोईन आवडत्या मुलाने शिकवावं म्हणून गणितात मुद्दाम चुका करते, ते मात्र तिला अजिबात झेपलं नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला, इथे पोरासाठी मार्क घालवायचे म्हणजे आई घरातच घेणार नाही.

आता 'द ब्रेकफास्ट क्लब' दाखवायचाय, दिग्दर्शक जॉन ह्यूजेसचा, १९८५ चा. शनिवारी शिक्षा म्हणून पाच जणांना लायब्ररीत बसवतात आणि शेवटी ती मुलं सरांना लिहून देतात की आमच्यावर शिक्के मारू नका. मस्त. पण त्याच पिक्चरमध्ये त्या विचित्र, गप्प मुलीला मेकअप करून गोड दिसायला लावतात आणि मगच तो पैलवान मुलगा तिच्याकडे बघतो! आधी केस तोंडावर घेऊन बसलेली, डोक्यातला कोंडा चित्रावर बर्फ म्हणून पाडणारी पोरगी कितीतरी भारी होती. तो मेकअपवाला सीन आला की मी सरळ पुढे ढकलणार, भाची ओरडली तरी.