तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीसमोर ठोसे मारून खरंच व्यायाम होतो का?

गणपतीला घरी येणारी पाहुणेमंडळी असोत नाहीतर बाजारात मासे घेताना भेटलेल्या मैत्रिणी, हल्ली सगळ्यांचा मला एकच प्रश्न असतो, व्हिडिओ गेममधलं बॉक्सिंग खेळत हवेत ठोसे मारून खरंच व्यायाम होतो का गं? होतो. पण कसा खेळता त्यावर आहे.

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ. जूनपासून चार महिने चालायला बाहेर पडणं म्हणजे छत्री उलटी, घाटी म्हणजे चढाची पायवाट शेवाळलेली, आणि वय ४६, आईला शुगर, त्यामुळे पावसाळाभर बसून राहणं मला परवडणारं नव्हतंच. पुतण्या मुंबईहून गणपतीला आला तेव्हा त्याचा जुना निन्टेन्डो वी, म्हणजे टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं मशीन, इथेच ठेवून गेला. २००६ साली आलेलं मशीन, त्यात वी स्पोर्ट्स नावाचा गेम, टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग. इंटरनेट लागत नाही, आणि आमच्याकडे पावसात नेटचं काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. लाईट मात्र लागते.

बॉक्सिंगला उजव्या हातात रिमोट, डाव्या हातात वायरने त्याला जोडलेला नंचक, म्हणजे दुसरा छोटा रिमोट. हात चेहऱ्यासमोर धरले की बचाव, अंग डावीउजवीकडे झुकवलं की समोरच्याचा ठोसा चुकतो. ठोशासाठी आतला सेन्सर फक्त हाताचा हिसका बघतो, तुमची कंबर वळली की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून मनगट नुसतं झटकलं तरी ठोसा लागतो. मुलं सोफ्यावर बसून जिंकतात ती अशी. मीही पहिला महिना तसंच खेळले, मनगट दुखायला लागलं आणि बाकी अंगाला काहीच नाही.

मग एकदा शेजारच्या काकू ओटीवर बसून बघत होत्या, सत्तरीच्या आहेत, जन्मभर विहिरीवर धोंडीवर कपडे आपटलेत. म्हणाल्या, "गो, हात कित्याक दमवतंस? कमरेतसून मार." तेवढंच. डावा पाय पुढे ठेवायचा, उजव्या हाताने मारताना मागच्या पायाची टाच उचलून बाहेर वळवायची, त्याबरोबर कंबर, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. अशी १० मिनिटं खेळले आणि मांड्या थरथरायला लागल्या, पोटाच्या कडा दुसऱ्या दिवशी दुखल्या. तिथून पुढे मी खरा व्यायाम धरते.

आणि घामावर जाऊ नका हो, आपल्याकडे जूनमध्ये बसल्या जागी घाम येतो, ते माप नाहीच. नाडी बघा. खेळ थांबवला की लगेच १५ सेकंद मोजायची आणि चारने गुणायचं. माझी मनगटाने खेळताना ९० च्या आसपास यायची, कंबर वळवून १३० पर्यंत जाते. २२० मधून वय वजा करायचा जो ढोबळ हिशेब आहे त्याप्रमाणे माझा वरचा आकडा १७४, म्हणजे १३० हे त्याच्या साधारण पाऊणपट. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर हा हिशेब चुकू शकतो, डॉक्टरना विचारा. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइझने २००८ मध्ये याच पाच खेळांची तपासणी करून घेतली होती, त्यात बॉक्सिंग सगळ्यात वर, मिनिटाला साधारण ७ कॅलरी. खऱ्या बॉक्सिंगपेक्षा कमीच, पण घरातल्या घरात काही वाईट नाही.

दोन गोष्टी सांभाळा. समोर ठोसे झेलणारी बॅग नसते, हाताला अडवणारं काही नसतं, म्हणून कोपर पूर्ण ताठ होईपर्यंत फेकू नका, सांध्याला झटका बसतो. आणि पावसात आपल्या लाद्यांना पाणी सुटतं, त्यावर टाच वळवली तर आपटणारच, मी रबरी मॅट घातलीय आणि अनवाणीच खेळते. रिमोटची दोरी मनगटात अडकवायचीच.

आता निन्टेन्डोच्याच स्विच या मशीनवरचा फिटनेस बॉक्सिंग नावाचा गेमही घेतलाय, तो गाण्याच्या ठेक्यावर चालतो, जॅब, हूक, अपरकट असे वेगवेगळे ठोसे लागोपाठ येत राहतात, मध्ये टाईमपास करायला वेळच मिळत नाही, त्यामुळे ज्यांना थांबायची सवय आहे त्यांना मी तोच सांगेन. आठवड्याला पाच दिवस, ३० मिनिटं, नंतर कोकम सरबत मीठ घालून.

गेल्या दसऱ्यानंतर पहिल्यांदा घाटी चढून देवळात गेले. आधी पावसाळा संपला की वाटेतल्या फणसाखाली दोनदा थांबावं लागायचं. यावेळी तिथे पोचले, मागून येणाऱ्या काकूंची वाट बघत उभी राहिले आणि त्यांच्याशी बोलत बोलत वर गेले.