साडेपाच महिने, अकरा घड्याळं अन् कूलरचा आवाज

तर मंडळी, १ जानेवारीला जो नाद सुरू केला होता त्याचा आज हिशोब मांडतो. नवीन वर्षात ठरवलं होतं की एकही घड्याळ घ्यायचं नाही, डब्यात जी अकरा पडून आहेत तीच घालायची, अन् रोज रात्री डायरीत लिहायचं की आज हातावर कोणतं होतं. पाळीपाळीनं घालायचं वगैरे नाही, सकाळी डबा उघडून जे उचलावंसं वाटेल तेच. अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ जे हातावर तेच मोजायचं.

१५ जूनपर्यंत १६६ दिवस झाले. कॅसिओ ५२ दिवस, एचएमटी जनता ४७, सीको ३८, सिटीझन १४, टायटन एज ६. राहिलेले ९ दिवस हातावर काहीच नाही, मे महिन्यात घामोळं आलं होतं. म्हणजे अकरापैकी सहा घड्याळांनी साडेपाच महिन्यांत मनगट पाहिलंच नाही बाप्पा. अन् त्या सहांपैकी दोन अशी आहेत की घेताना मी आठवडाभर झोपलो नव्हतो. बायकोनं डायरी पाहिली अन् काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

आता एकेक सांगतो.

जनतापासून सुरू करू कारण तिचीच भानगड मोठी. एचएमटी जनता, निळी तबकडी, देवनागरी आकडे. तीन वर्षांपूर्वी आमच्या नागपुरात बर्डीवर रविवारच्या बाजारात एका पथारीवर दिसली, विकणारा म्हणे एकदम ओरिजनल, फॅक्टरीची, हातच लागला नाही. मी पण तेव्हा नवीनच होतो, घेतली. घरी येऊन भिंगातून पाहतो तर अक्षरांच्या कडा फाटलेल्या, मिनिटांच्या खुणा काही जाड काही बारीक, अन् पाच वाजताची रेघ आकड्यावर चढलेली. रीडायल. जुनी तबकडी घासून वरून नवीन रंग अन् छपाई. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाजारात फिरणाऱ्या झगमगीत रंगाच्या जनतांमध्ये अशा भरपूर असतात. तबकडी जितकी कोरी करकरीत अन् केस जितकी झिजलेली तितका संशय जास्त, हे मी पैसे घालवून शिकलो.

पण आतलं मशीन अस्सल निघालं. १७ ज्वेल (म्हणजे घर्षण कमी करणारे खडे), हाताच्या चावीचं, तासाला १८००० ठोके म्हणजे सेकंदाला पाच. कानाशी धरलं की टिकटिक मोजता यावी इतकं संथ अन् खणखणीत. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना बंगलोरला १९६१ मध्ये जपानच्या सिटीझनच्या मदतीनं उभा राहिला, त्यामुळे या मशीनची ठेवणच त्या घराण्यातली आहे, अन् डायलवर जे पॅराशॉक लिहिलेलं दिसतं ते पण सिटीझनकडूनच आलेलं, पडल्या-आपटल्यावर बॅलन्सच्या, म्हणजे आत पुढेमागे झुलणाऱ्या चाकाच्या, दांडीला वाचवणारी व्यवस्था. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली, तेव्हापासून नवीन पार्ट म्हणजे कोणत्यातरी दुसऱ्या मेलेल्या जनताच्या पोटातून काढलेला पार्ट.

मार्चमध्ये ही बया अचानक दिवसाला सहा मिनिटं पुढे पळायला लागली. सहा सेकंद नाही, मिनिटं. मी आधी समजलो तेल संपलं, मग वाटलं मीच कुठं आपटली. इतवारीत एक काका आहेत, दोन माणसं उभी राहिली की रस्ता बंद होईल एवढं दुकान, तिथं नेली. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं अन् पंधरा सेकंदांत म्हणाले, "भाऊ, मशीनमदी चुंबक बसलं. बालकमानीचे वेढे पाहा, एकमेकाले चिपकून राहिले. कुठं ठेवता तुमी हे?" मी म्हटलं कुठं नाही, रात्री टेबलावर. टेबलावर काय असतं? तर टेबलावर असतो ब्लूटूथ स्पीकर, अन् त्याच्या डोक्यावर मी रोज रात्री कौतुकानं घड्याळ ठेवत होतो. डोकं पाहा माझं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, बालकमानी म्हणजे हेअरस्प्रिंग, तिचे वेढे एकमेकांना चिकटले की कामाची लांबी कमी होते, लांबी कमी झाली की बॅलन्स लवकर लवकर झुलतो अन् घड्याळ पुढे पळतं. घरी तपासायचं असेल तर मोबाइलचं होकायंत्र उघडून घड्याळ हळूच जवळ न्या, सुई हलली की समजा काहीतरी गडबड आहे (स्टीलच्या केसनं पण सुई थोडी हलते, म्हणून दुसऱ्या चांगल्या घड्याळासोबत तुलना करून पाहा). काकांकडे चुंबक उतरवायचा निळा प्लास्टिकचा डबा आहे, बटण दाबून धरायचं अन् घड्याळ हळूहळू वर उचलत दूर न्यायचं. दोनदा केलं, झालं. पैसे घेतले नाहीत, म्हणाले स्पीकर विकून टाका.

त्यानंतर जनता दिवसाला २५ सेकंद पुढे, म्हणजे या वयात तिला तेवढं माफ आहे. मी बऱ्याचदा सकाळी सातला चहा ठेवला की चावी देतो, साधारण पंचवीस-तीस फेऱ्या, जिथं अडते तिथं थांबायचं, जोर नाही करायचा. चहा उतू जाईपर्यंत चावी पूर्ण होते. अन् हेच कारण असेल की ४७ दिवस तिला मिळाले, कारण एकदा चावी दिली की मग घालावंच लागतं ना, नाहीतर ते चालणारं घड्याळ डब्यात ठेवायचं कसंतरीच वाटतं.

बरं हे २५ सेकंद मी मोजतो कसे, तर मोबाइलवर टाइमग्राफरचं ॲप आहे, माइकला घड्याळ टेकवायचं, ते ठोके ऐकून सांगतं किती पुढे-मागे. आता नागपुरात एप्रिल ते जून हे करून दाखवा कोणी. घरात कूलर चालू असतो, तो काही साधासुधा नाही, लोखंडी बॉडीचा, विमान उतरावं तसा आवाज. ॲप बिचारं कूलरच्या पंख्याचेच ठोके मोजून राहिलं होतं अन् मला सांगत होतं की तुमचं घड्याळ दिवसाला ९०० सेकंद मागे आहे. दोन मिनिटं कूलर बंद केला की आतल्या खोलीतून आई ओरडते. शेवटी पहाटे पाचला उठून, कूलर बंद करून, श्वास रोखून मोजायचो. आडवं, उभं असं पाच पोझिशनमध्ये ठेवून मोजेपर्यंत घामानं बनियन ओलं. पण आकडे मिळाले. जनता पाठीवर झोपवली तर २५ पुढे, चावीचा खुंट वर करून उभी ठेवली तर ८ मागे. म्हणून आता रात्री उभी ठेवतो, दिवसभराचं पुढेपण रात्री थोडं कापलं जातं. स्पीकरपासून लांब, गॅलरीतल्या कपाटात.

सीको ५ आहे माझी एसएनके ८०९, काळी, ३७ मिलिमीटर, माझ्या बारीक मनगटाला एकदम बरोबर. आत ७एस२६ मशीन, ऑटोमॅटिक म्हणजे हाताच्या हालचालीनं चावी भरणारं, २१ ज्वेल. याला हातानं चावी देता येत नाही अन् खुंट ओढल्यावर सेकंदकाटा थांबत पण नाही, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवायचं स्वप्न सोडून द्यायचं. दोन दिवस नाही घातलं तर बंद, मग हलवून सुरू करा, तारीख-वार लावा, अन् ते पण रात्री नऊ ते पहाटे चारच्या मध्ये लावायचं नाही कारण तेव्हा आतले दाते तारीख फिरवायच्या तयारीत गुंतलेले असतात, जबरदस्ती केली की मोडतात. मी हे एकदा विसरलो होतो, नशिबानं वाचलो.

सीकोचा खरा प्रॉब्लेम स्टीलच्या पट्ट्याचा होता. एप्रिलमध्ये दुपारी दोनला व्हेरायटी चौकात सिग्नलला स्कूटर थांबली अन् मनगटावर कोणी तवा टेकवल्यासारखं झालं. चामड्याचा लावून पाहिला, आठ दिवसांत त्यावर मिठाची पांढरी रांगोळी अन् वास असा की ऑफिसमध्ये शेजारच्यानं खुर्ची सरकवली. मग १८ मिलिमीटरचा नायलॉनचा नाटो (घड्याळाखालून ओवायचा पट्टा) घेतला, ऑलिव्ह रंगाचा. संध्याकाळी नळाखाली धुवायचा, कूलरच्या जाळीवर अडकवायचा, दहा मिनिटांत वाळून कडक. ज्या कूलरला इतक्या शिव्या दिल्या त्याचा हा एक उपयोग. नाटो लावल्यापासून सीकोचे दिवस एकदम वाढले, ३८ पैकी २९ तर त्यानंतरचेच आहेत. म्हणजे मी घड्याळ बदलायचा विचार करत होतो अन् बदलायचा होता पट्टा. उन्हाळ्यात नागपूरकरांनो, आधी पट्ट्यावर पैसे घाला, मग बाकी.

आता कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. यावर जास्त काय लिहायचं, सगळ्यांकडे असतं. १९८९ पासून तसंच आहे, २१ ग्रॅम, सेल सात वर्षं. हातावर आहे हे कळतच नाही. ५२ दिवस ते पहिलं आलं यात माझं काही कर्तृत्व नाही, भाजी आणायला, गच्चीवर टाकी पाहायला, पोराला स्विमिंगला सोडायला, हेच घातलं जातं. लाइट मात्र फालतू, एका कोपऱ्यातून हिरवट उजेड येतो अन् उरलेला स्क्रीन अंधारात.

पण यानं एक मजा दाखवली. मे महिन्यात दहा दिवस पुण्याला गेलो तेव्हा सीको हातावर अन् कॅसिओ वरच्या खोलीत टेबलावर राहिलं. वरची खोली म्हणजे स्लॅब तापलेला, खिडक्या बंद, आत चाळीसच्या खाली पारा येतच नसेल. हातावर असताना हे घड्याळ महिन्याला पाच-सहा सेकंद पुढे जातं, हे मी जानेवारीपासून मोजून राहिलो. परत येऊन पाहतो तर चार-पाच सेकंद मागे! आधी वाटलं मीच चुकलो. मग डोक्यात प्रकाश पडला. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, पण तो साधारण २५ डिग्रीच्या आसपास सगळ्यात जलद असतो, त्याच्यापेक्षा गरम करा का थंड करा, दोन्हीकडे तो मंदच होतो, अन् जितकं लांब जाल तितकं वर्गाच्या हिशोबानं वाढत जातं. चाळीस डिग्रीला दिवसाला साधारण अर्ध्या सेकंदाच्या वर फरक पडतो, दहा दिवसांचं गणित बरोबर जुळलं. मनगट हा खरं तर घड्याळाचा हीटर पण आहे अन् कूलर पण. मी हे बायकोला समजावून सांगितलं, ती म्हणाली त्या खोलीत लोणच्याची बरणी पण होती, तिचं काय झालं ते पाहिलं का.

सिटीझन इको-ड्राइव्हचं ऐकाल तर हसाल. सूर्यप्रकाशावर चालणारं घड्याळ, अन् नागपुरात उपाशी मेलं. दिवाळीनंतर डब्यात ठेवलं ते थेट एप्रिलमध्ये काढलं, सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारत होता, म्हणजे चार्ज संपत आल्याची खूण. आपल्या गावात ऊन काय कमी आहे का, म्हणून मी उत्साहात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणार होतो, तेवढ्यात माहितीपत्रक आठवलं, ६० डिग्रीच्या पुढे चार्ज करू नका असं त्यात साफ लिहिलेलं आहे. अन् मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड ६० च्या पुढे सहज जातो, आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. मग खिडकीत पातळ पडद्याच्या आड तीन दिवस ठेवलं, व्यवस्थित झालं. चांगलं आहे घड्याळ, दिसायला पण सभ्य, पण त्याला माझी काही गरजच नाही. चावी नको, सेल नको, वेळ लावायला नको. म्हणून बहुतेक विसरतो मी त्याला.

टायटन एज लग्नाच्या वाढदिवसाला बायकोनं दिलेली. २००२ मध्ये आली तेव्हा अख्खं घड्याळ ३.५ मिलिमीटर जाड अन् आतलं मशीन १.१५, एवढं पातळ आपल्या देशात करून दाखवलं याचा मला खरंच अभिमान आहे. शर्टाच्या बाहीत कुठं गायब होते कळत नाही. पण सहाच दिवस, पाच लग्नं अन् एक मुंज. सेकंदकाटा नाही, त्यामुळे दर वेळी घालताना चालू आहे का नाही हे कळायला मिनिटभर टक लावून पाहावं लागतं, अन् लग्नाला निघताना तो मिनिट कोण देतो.

उरलेल्या सहांबद्दल आत्ता काही लिहीत नाही. त्यातली दोन विकायला काढायचा विचार आहे, एक ऑल्विन आहे ती काचेसाठी थांबली आहे, बाकीच्यांचं डिसेंबरपर्यंत डायरी काय म्हणते ते पाहू.

अन् एक राहिलंच. मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला की जनताची जुनी अस्सल तबकडी मिळाली आहे, पांढरी, कडेला थोडी पिवळी पडलेली, पण छपाई कारखान्याची. "लावू का?" मी दोन दिवस विचार केला. निळी खोटी आहे, रोज सकाळी भिंगाशिवाय पण मला ती पाच वाजताची चढलेली रेघ दिसते. पण गेली तीन वर्षं वेळ पाहिली ती तिच्यावरच. तबकडी घेऊन ठेवतो म्हणालो, लावू नका. काका म्हणाले, "मंग घेता काऊन?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. विकत घ्यायचं नाही असं ठरलं होतं ते घड्याळाबद्दल, तबकडीबद्दल नाही, असं डायरीत लिहून ठेवलं आहे.

गुरुवारी आणायला जातो, पाचनंतर, दुपारी काकांचं दुकान बंद असतं.