कॅन्यन डी शे: नऊ म्हणजे नक्की कुठले नऊ?

ॲरिझोनातल्या कॅन्यन डी शेच्या तळात वाटाड्याबरोबर उतरून एक रात्र काढायची, तर चालणं, वाळू, ऊन हे सगळं निभावून जातं. माझं डोकं उठवलं ते बुकिंगच्या पावतीवरच्या वेळेने. राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधी तेच.

पावती एका मध्यस्थ एजन्सीची. तिच्यावर छापलं होतं: सकाळी 9:00, एमएसटी. म्हणजे माउंटन स्टँडर्ड टाइम, ॲरिझोनाची राजधानी फिनिक्सची बारमाही वेळ. ॲरिझोना 1968 पासून उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या आदिवासी जमातीचा स्वशासित प्रदेश, मात्र करतं, आणि कॅन्यन त्यातच आहे. कारण त्यांचा प्रदेश न्यू मेक्सिको आणि युटातही पसरलेला आहे आणि ती दोन्ही राज्यं करतात. त्यामुळे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत कॅन्यनच्या तोंडाशी असलेलं चिन्ली गाव फिनिक्सच्या एक तास पुढे असतं. पावती शब्दशः खरी धरली, तर वाटाड्या चिन्लीच्या घड्याळात 10 ला भेटणार. आणि पत्त्यात ॲरिझोना दिसलं म्हणून कुणी डोळे झाकून एमएसटी छापलं असेल, तर 9 लाच.

एजन्सीला विचारलं. उत्तर आलं, "लोकल टाइम." अहो, पण कुणाचा लोकल? पुन्हा मेल केली, पुन्हा तेच दोन शब्द, वर प्रवासाला शुभेच्छा. फोनवरच्या माणसाने तर ॲरिझोनात वेळ बदलत नाही, हे मलाच समजावून सांगितलं. त्यातून मेलमधलं कॅलेंडरचं बटण दाबलंत की फोन एमएसटी खरं मानून वेळ साठवतो, आणि चिन्लीत पोचल्यावर तीच भेट 10 ची म्हणून दाखवतो. तोवर वाटाड्या तासभर वाट बघून निघूनही गेलेला असू शकतो.

वाटेतही घड्याळावर विसंबू नका. फ्लॅगस्टाफहून ट्यूबा सिटीमार्गे 264 नंबरच्या रस्त्याने निघालात, तर ट्यूबा सिटी नवाहो आणि तिला चिकटलेलं मोएनकोपी होपी. होपी ही दुसरी आदिवासी जमात, ते लोक ॲरिझोनाची वेळ पाळतात. पुढे होपींच्या मेसांवर, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरांवर, काटा मागे, मधल्या जेडिटोच्या नवाहो तुकड्यात पुढे, मग पुन्हा मागे, आणि गनाडोच्या आधी पुन्हा पुढे. फोन बिचारा जो टॉवर सापडेल त्याचं ऐकतो. म्हणून निघण्याआधीच फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करा आणि शहर डेन्व्हर निवडा. डेन्व्हरची वेळ तीच चिन्लीची. हिवाळ्यात हा घोळच नाही, तेव्हा सगळीकडे एकच वेळ.

एजन्सीच्या नादी लागण्यापेक्षा वाटाड्याचा नंबर मागून घ्या आणि संध्याकाळी फोन करा. दिवसा तो कॅन्यनमध्ये असतो आणि तळात रेंज नसते. प्रश्न असा विचारा: "चिन्लीच्या दुकानातल्या घड्याळात किती वाजता, आणि कुठल्या दारापाशी?" उत्तर मिळालं की तेच मेसेजमध्ये लिहून पाठवा, त्याचा होकार जपून ठेवा. फोन लागलाच नाही, तर डेन्व्हरच्या 9 ला हजर राहा. अंदाज चुकला तरी जास्तीत जास्त तासभर ताटकळाल. उलट बाजूने चुकलात तर दिवस गेला.

जुलै ते सप्टेंबरात हा एक तास फार मोलाचा. दुपारनंतर ढग जमतात. पाऊस पडतो तिकडे चुस्का डोंगरात आणि लोंढा येतो इथे, डोक्यावर आभाळ स्वच्छ असताना. वाटाड्या घाई करतो ती उगाच नाही.

वाटाड्या लागतोच. 1931 पासून हे राष्ट्रीय स्मारक असलं तरी जमीन नवाहोंची आहे, तळात आजही कुटुंबांची शेतं आणि जनावरं आहेत. वाटाड्याशिवाय बघायचं तर कड्यावरचे दोन रस्ते आणि तिथले पॉइंट, बस. जुन्या गाइडबुकात व्हाइट हाउस नावाच्या प्राचीन अवशेषांकडे जाणारी वाट एकट्याने उतरता येते असं सापडेल. ती वाट 2020 मध्ये बंद झाली, त्या भरवशावर जाऊ नका. मुक्कामाच्या परवान्याचं वाटाड्याच बघतो, पण ज्यांच्या जमिनीवर तंबू लागणार त्यांचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, हे आधीच विचारा. हे मला वर वेळेच्या प्रश्नाबरोबरच लिहायला हवं होतं. एकाच फोनमध्ये दोन्ही उरकून घ्या.

कॅन्यनच्या तोंडाशी भिंती जेमतेम 30 फूट, आत शिरत गेलं की 1,000 फुटांच्या वर. काही वाटांवर कातळात खोदलेल्या पावठ्या आहेत. सह्याद्रीत सवय झालेल्यांना त्या जड जाऊ नयेत, पण हा वालुकाश्म आहे. पावठीत बारीक वाळू साचते आणि बूट सरकतो, म्हणून पाय ठेवण्याआधी हाताने झाडून घ्या.

तळातला प्रवाह वसंतात, वरचं बर्फ वितळताना, ओलांडावा लागतो. भिजले तरी चालतील असे जुने बूट घाला आणि कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत ठेवा. पाण्याच्या कडेची वाळू वरून घट्ट दिसते, आत पाण्याने फुगलेली असते. वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवा. पाय रुतला तर थबकू नका, दुसरा पाय लगेच उचला. जीपसुद्धा थांबली की तिथेच बसते.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला 4 लिटर, सगळं वरून न्यायचं. प्रवाहात गुरं उतरतात. घरांचे आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. खापरीचा तुकडा दिसला तर जिथे आहे तिथेच राहू द्या. ड्रोन नको. बिअरचा डबा गाडीतसुद्धा नको, नवाहो नेशनमध्ये दारूबंदी आहे. टिपेसाठी रोख डॉलर जवळ ठेवा, आणि पेट्रोल चिन्लीत पोचल्या पोचल्या भरून टाका.