तीन कलमांची शिक्षा आणि आदेशातले एक वाक्य

घटना २०१९ मधली असल्याने, १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू होऊनही, आमचा प्रलंबित खटला जुन्या कायद्यांनुसारच चालला. सत्र न्यायालयाने माझ्या अशिलाला भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न), ४५२ (मारहाणीच्या तयारीने घरात घुसणे) आणि ५०६ (धमकावणे) या तिन्हींखाली दोषी ठरवले आणि तोवर जामिनावर असलेल्या त्याला तिथेच ताब्यात घेण्यात आले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) नुसार न्यायाधीशांनी शिक्षेबाबत काय म्हणणे आहे, असे विचारले. बहुतेक आरोपी देतात तेच उत्तर त्यानेही दिले : "साहेब, मी काही केलेलं नाही." त्या टप्प्यावर या उत्तराचा काडीचाही उपयोग नसतो, वय, घरची जबाबदारी, पूर्वीचा गुन्हा नसणे हेच तेव्हा विचारात घेतले जाते. म्हणून मी वेळ मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कागदपत्रांसह युक्तिवाद केला.

माझा मुख्य भर मात्र त्याच संहितेच्या कलम ३१ वर होता. एकाच खटल्यात अनेक गुन्हे सिद्ध झाले, तर प्रत्येकाची शिक्षा वेगळी दिली जाते, आणि त्या एकत्रित, म्हणजे एकाच वेळी, भोगायच्या असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले नाही, तर जुन्या संहितेप्रमाणे त्या एकापाठोपाठ एक भोगाव्या लागतात. (तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ प्रमाणे, गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून दोन्हींपैकी काय ते न्यायालयाने सांगायचेच आहे.) घरात घुसणे, वार करणे आणि धमकावणे ही तीन स्वतंत्र कृत्ये आहेत, असे सरकारी वकिलांचे म्हणणे होते, हा सलग घडलेला एकच प्रसंग आहे, असे माझे.

सात, पाच आणि दोन वर्षे सक्तमजुरी, असा आदेश वाचला जात असताना पिंजऱ्यातला अशील बोटांवर बेरीज करताना मला दिसत होता. तो चौदावर पोहोचला असेल, तोच "सर्व शिक्षा एकत्रितपणे भोगावयाच्या आहेत" हे वाक्य आले. म्हणजे प्रत्यक्षात सात वर्षे, आणि त्यातूनही कच्चा कैदी म्हणून काढलेला काळ कलम ४२८ नुसार वजा.

इथे नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि कैदेसोबत ठोठावलेला दंड विसरतात. दंड न भरल्याबद्दलची कैद मूळ शिक्षेत जिरत नाही, आणि वेगवेगळ्या कलमांखालची अशी कैद एकत्र भोगण्याचा आदेशही देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच्या भावाला मी तिन्ही दंड लगेच भरायला लावले. निकालपत्राची मोफत प्रत हाती येताच वजावटीच्या तारखा अटकेच्या नोंदींशी ताडून पाहिल्या आणि उच्च न्यायालयासाठी अपील व शिक्षा स्थगितीचा अर्ज लिहायला घेतला, कारण तीन वर्षांवरची शिक्षा स्थगित करणे सत्र न्यायालयाच्या हातात नव्हते.