तुम्ही विचारलंत म्हणून: ती त्याच्याबरोबर जातेच का?

लोककथांतल्या अमानुष प्रियकराबद्दल मी कुठेही बोलले, की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. माणसाचं रूप घेऊन बाईच्या दारात उभा राहणारा हा प्रियकर. कधी तो मेलेला नवरा असतो, कधी समुद्रात नाहीसा झालेला जुना प्रियकर, कधी सर्प, कधी गंधर्व, कधी थेट सैतान. गोष्ट ऐकून झाली की कुणीतरी विचारतं, ‘पण ती जातेच का त्याच्याबरोबर? तिला कळत नाही का?’ विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा थोडी चीड असते. ती बावळट तरी असणार, लोभी तरी असणार, नाहीतर तिचं पाऊल घसरलेलं असणार, असं त्याने मनाशी धरलेलं असतं. मला या तिन्हींपैकी एकही पटत नाही. का पटत नाही, ते जरा सविस्तर सांगते.

या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं कथागीत इंग्लंड-स्कॉटलंडचं आहे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या कथागीतांच्या मोठ्या संग्रहात ते ‘जेम्स हॅरिस’ या नावाने येतं. १६५७ साली लंडनच्या छापखानदारांच्या नोंदवहीत त्याची नोंद झाली, तेव्हाचं त्याचं शीर्षकच ‘विवाहित स्त्रियांना इशारा’ असं होतं. प्लिमथजवळ राहणाऱ्या जेन रेनल्ड्सने जेम्स हॅरिस नावाच्या एका खलाशाला लग्नाचा शब्द दिलेला असतो. तो समुद्रावर मेल्याची बातमी येते. ती एका सुताराशी लग्न करते, मुलंबाळं होतात. मग एका रात्री खिडकीशी तो खलाशी येऊन उभा राहतो आणि दिलेला शब्द मागतो. ती त्याच्याबरोबर जाते आणि पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. सुतार गळफास घेतो.

वॉल्टर स्कॉटच्या संग्रहात आलेलं या गीताचं स्कॉटिश रूप मला जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात ती बोलते. तो म्हणतो, तू पूर्वी दिलेली वचनं मागायला मी आलोय. ती म्हणते, ती आता काढू नकोस, भांडण होईल, मी दुसऱ्याची बायको आहे. हे ऐकून तो पाठ फिरवतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. सैतान रडतो! मग तो सांगतो, मला राजाची मुलगी मिळत होती, तुझ्यासाठी सोडली. यावर ती फार शहाणपणाचं बोलते: मिळत होती तर करायची होतीस, तो दोष तुझा. त्याच्यानंतर ती व्यवहाराचा प्रश्न विचारते. नवरा आणि दोन लेकरं सोडून आले, तर तू मला कशात घेऊन जाणार? सात जहाजं समुद्रावर आहेत, तो सांगतो, आणि आठव्यातून मी आलो. ती मुलांचे मुके घेते आणि निघते.

जहाजाला शिडं रेशमी, डोलकाठ्या सोन्याच्या, पण खलाशी एकही दिसत नाही. थोडं अंतर जातात तोच तिला त्याचा फाटलेला खूर दिसतो आणि ती रडू लागते. दूर उन्हातल्या टेकड्या कसल्या, ती विचारते. त्या स्वर्गाच्या, तिथे तू पोचणार नाहीस. आणि तो बर्फाचा काळवंडलेला डोंगर? तो नरकाचा, तिथे आपण दोघं जाणार. मग तो एका डोलकाठीवर हात आणि दुसरीवर गुडघा मारून जहाज दुभंगतो.

आता बघा, यात फसवणूक आहे ती खुराची. ओळख मात्र खरी आहे. तो अनोळखी असता तर तिने दार लावून घेतलं असतं. तो येतो जुना हक्क घेऊन. तिने एके काळी मनापासून शब्द दिलेला आहे, तो कुणी सोडवलेला नाही, फक्त बातमी आली म्हणून तो संपला असं सगळ्यांनी धरून चाललंय. माझं उत्तर इथून सुरू होतं. या गोष्टींतला प्रियकर बहुतेक वेळा आधीचा हक्कदार असतो. आजच्या संसारात तिला जे विचारलं जात नाही, ते तो येऊन विचारतो.

हा आधीचा हक्क किती जुना आहे ते पाहायचं तर ऋग्वेदातलं विवाहसूक्त काढा. दहाव्या मंडलातल्या या ८५व्या सूक्तात वधूचा पहिला पती सोम, दुसरा गंधर्व, तिसरा अग्नी आणि चौथा माणूस, असं स्पष्ट म्हटलंय. त्याच सूक्तात विश्वावसू नावाच्या गंधर्वाला नमस्कार करून विनवणी केली जाते: ऊठ इथून, हिला आता नवरा आहे, बापाच्या घरी असलेली दुसरी एखादी शोध, तो तुझा वाटा आहे. लग्नाच्या मंत्रांतच कबूल केलंय की याचा वाटा होता! अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात मात्र सूर बदलतो. तिथे अजशृंगी नावाच्या वनस्पतीने गंधर्व-अप्सरांना हाकलायचं आहे. गंधर्व कधी कुत्र्यासारखा, कधी माकडासारखा, कधी अंगभर केस असलेल्या पोरासारखा असतो, पण बायकांजवळ जाताना दिसायला गोड होऊन जातो, असं ते सूक्त सांगतं. आणि शेवटी बजावतं: अप्सरा तुमच्या बायका, तुम्ही त्यांचे नवरे, अमर्त्य असून मर्त्यांच्या मागे लागू नका.

बृहदारण्यक उपनिषदात तर गंधर्वाने झपाटलेल्या दोन स्त्रिया आहेत, पतंचल काप्याची मुलगी आणि बायको. जनकाच्या सभेत भुज्यू आणि उद्दालक आरुणी त्या प्रसंगांची आठवण सांगतात. त्यांनी त्या गंधर्वांना ‘तू कोण?’ असं विचारलं होतं. एकाने नाव सांगितलं सुधन्वा आंगिरस, दुसऱ्याने कबंध आथर्वण. ज्यांच्या तोंडून हे गंधर्व बोलले, त्या मुलीचं आणि त्या बायकोचं नाव उपनिषदात नाही. ते त्यांना कुणी विचारलंच नसावं. मी हा उतारा वाचते तेव्हा दर वेळी इथे अडते. जेन रेनल्ड्सचंही तेच झालं. गाणं तोंडातोंडी फिरलं तसं तिचं नाव गळून पडलं आणि शीर्षकात जेम्स हॅरिस राहिला.

दुसरं मोठं कारण आहे शोक. रशियन लोकसमजुतीत अग्निसर्प नावाचा प्रकार आहे. नवरा गेल्यावर एखादी बाई रात्रंदिवस झुरत राहिली, की तो आगीच्या लोळासारखा आकाशातून येतो, धुराड्यातून घरात उतरतो आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याचं रूप घेतो. ती वाळत जाते. रुमानियातल्या झ्बुरातोरची आणि बल्गेरियातल्या झ्मेईची कहाणी याच वळणाची. झ्मेईने मनात धरलेली मुलगी फिकट पडते, कुणात मिसळत नाही, नाचायला जात नाही, आणि घरचे औषधी वनस्पतींच्या काढ्याने तिला अंघोळ घालतात. अथर्ववेदातली अजशृंगी इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

अग्निसर्पावरचा एक उपाय मला फार आवडतो. त्या बाईने उंबऱ्यावर बसायचं, केस मोकळे सोडून विंचरायचे आणि भांगेचं बी तोंडात टाकून चघळायचं. तो येतो आणि विचारतो, काय खातेस? तिने म्हणायचं, उवा. तो चकित होतो: उवा कुणी खातं का? त्यावर तिचं उत्तर: मग मेलेला माणूस जिवंत बाईकडे येतो का? एवढं ऐकलं की तो निघून जातो. हा उपाय ज्या बायांनी रचला, त्यांना शोक नीट माहीत होता. ‘रडू नकोस’ असं कुणी त्या विधवेला सांगत नाही. तिच्याच तोंडून एक प्रश्न वदवून घेतात, कारण तो मेलाय हे तिने स्वतः मोठ्याने म्हणणं गरजेचं असतं. ब्युर्गरच्या ‘लेनोर’ या १७७४ सालच्या जर्मन कथागीतात असं शहाणं माणूस जवळ नाही. युद्धावरून लेनोरचा प्रियकर विल्हेल्म परतत नाही, ती देवालाच बोल लावते, आई तिला पापाची भीती घालते. रात्री विल्हेल्म घोड्यावरून येतो, ती मागे बसते आणि घोडा कबरीपाशी थांबतो.

इथपर्यंत आपण गाण्यांत आणि मंत्रांत होतो. हीच आकृती न्यायालयात शिरली तेव्हा काय झालं, ते सांगताना माझा संताप होतो. १४८६च्या सुमारास हाइन्रिख क्रामरचा ‘मालेउस मालेफिकारुम’ हा चेटकिणींच्या खटल्यांवरचा ग्रंथ छापून आला. सगळी चेटूकविद्या वासनेतून येते आणि स्त्रियांची वासना कधी भागत नाही, असं त्यात ठामपणे लिहिलंय. गाण्यातला पाहुणा आता पुरावा झाला. सैतान तुझ्याकडे आला होता का, कधी, कोणत्या रूपात, असले प्रश्न विचारले जाऊ लागले. चेटूक केल्याचा आरोप असलेल्या, स्कॉटलंडमधल्या ऑल्डर्न इथल्या इझोबेल गाउडीचे १६६२ सालचे चार कबुलीजबाब उपलब्ध आहेत. सैतान मोठा, काळा, केसाळ होता आणि अंगाने झऱ्याच्या पाण्यासारखा गार होता, असं ती सांगते. त्याच जबाबांत परीलोकाच्या राणीकडे मिळालेलं पोटभर जेवणही येतं. कैदेत असलेली एक गरीब बाई, समोर पाद्री आणि प्रतिष्ठित पुरुष, आणि तिच्या डोक्यात लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींचा साठा. तिने तो सगळा त्यांच्यापुढे रिता केला. तिचं पुढे काय झालं याची नोंदच राहिलेली नाही. नाव मात्र पूर्ण आहे, कारण आरोपपत्राला नाव लागतं.

झोपेतून अर्धवट जाग येते, शरीर हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, या अनुभवातून अशा समजुती आल्या, असं काहीजण मला सांगतात. छातीवरच्या ओझ्यापुरतं ते बरोबर आहे. पण तो आलेला कोण आणि तो काय मागतो, हे त्यातून कळत नाही. गोष्ट तर तिथेच आहे.

विसाव्या शतकातल्या दोन लेखिकांनी हे फार नेमकं पकडलं. एलिझाबेथ बोवेनच्या कथेत दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनमध्ये मिसेस ड्रोव्हर बंद घरातलं काही सामान न्यायला येते आणि तिला तिकीट नसलेलं एक पत्र मिळतं. पंचवीस वर्षांपूर्वी, १९१६च्या ऑगस्टमध्ये, आघाडीवर निघालेल्या सैनिकाला तिने शब्द दिला होता. निरोप घेताना त्याने तिचा तळहात आपल्या गणवेशाच्या बटणावर इतका दाबून धरला की वळ उठला. तो वळ तिला आठवतो. त्याचा चेहरा काही केल्या आठवत नाही. शर्ली जॅक्सनच्या १९४९ साली आलेल्या पुस्तकातल्या कथेत जेम्स हॅरिस येतच नाही. लग्नाच्या दिवशी वाट पाहणारी बाई चौतीस वर्षांची आहे, परवान्यावर तिने तीस लिहिलंय, आणि कोणता पोशाख घालावा यात तिची सकाळ जाते. मग ती त्याला शोधत दारोदार विचारत फिरते आणि लोक तिला हसतात. माझ्या मते या सगळ्या परंपरेतली ही सर्वांत भयंकर कथा आहे. त्यात एकही खूर नाही, शेजाऱ्यांचं हसू तेवढं आहे.

‘तिला कळत नाही का’ याचं सरळ उत्तर विजयदान देथांच्या ‘दुविधा’त मिळतं. राजस्थानी लोककथेवर बेतलेल्या या गोष्टीत नवरा लग्न होताच पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. तिच्यावर जीव जडलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. सगळ्या घराला ते फसवतं, तिला मात्र खरं काय ते सांगून टाकतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. तिला पूर्ण कळलेलं असतं. जो कायदेशीर होता त्याने तिला काही न विचारता हिशेबाच्या वह्या निवडल्या, आणि जो भूत होता त्याने विचारलं. ती ‘हो’ म्हणते.

यातून सहीसलामत सुटलेली एखादी तरी आहे का, असंही तुमच्यापैकी काहींनी विचारलंय. आहे, आणि तिचं नावही टिकलंय. ‘टॅम लिन’ या स्कॉटिश कथागीतातली जेनेट. कार्टरहॉच्या रानात जाऊ नका, तिथे टॅम लिन असतो, असं सगळ्या मुलींना बजावलेलं असतं. ती परकर खोचून जाते आणि गुलाब खुडते. माझ्या परवानगीशिवाय का आलीस, तो विचारतो. कार्टरहॉ माझं आहे, ती म्हणते, माझ्या वडिलांनी ते मला दिलंय. या गोष्टीत जुना हक्क घेऊन तीच आलेली असते. पुढे तिला दिवस जातात. तो मुळात माणूस आहे आणि परीलोकाच्या राणीने त्याला पळवून नेलंय, हेही तिला कळतं. हॅलोविनच्या रात्री ती चौरस्त्यावर उभी राहते, त्याला घोड्यावरून खाली ओढते आणि मिठी सोडत नाही. तिच्या हातांत तो साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापलेलं लोखंड होतो. शेवटी उघडावाघडा माणूस उरतो आणि ती त्याला आपल्या हिरव्या झग्याखाली घेते. झुडपातून राणी किंचाळते: हे आधी ठाऊक असतं टॅम लिन, तर तुझे दोन्ही डोळे काढून मी तिथे लाकडाचे बसवले असते.